वाचक विचारतात: विसर्ग, टीएमसी आणि ‘उणे’ झालेले धरण

प्रश्न : ‘धरणातून 40 हजार क्युसेकने विसर्ग सुरू’ असे पावसाळ्यात रोज वाचतो. हे नेमके किती पाणी? आणि टीएमसीशी त्याचा मेळ कसा घालायचा?

क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. नळाची धार आणि भरलेली टाकी यांत जो फरक, तोच या दोहोंत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. एवढ्या धारेखाली 10 हजार लिटरचा टँकर लावला तर तो भरायला सहा मिनिटे लागतील. 40 हजार क्युसेकला असे 113 टँकर दर सेकंदाला भरतात.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. सरकारी तक्त्यात दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, असे लिहिलेले असेल तर त्या आकड्याला 28.3 ने भागा, टीएमसी मिळतील.

आता एकच आकडा पाठ करा : 11,574. इतक्या क्युसेकने 24 तास पाणी वाहिले की एक टीएमसी होते. म्हणून 40,000 भागिले 11,574, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेतीन टीएमसी. खडकवासल्याचा उपयुक्त साठा 1.97 टीएमसी आहे. त्याच्या पावणेदोन पट पाणी एका दिवसात गेले. उलट कोयनेच्या पायथा वीजगृहातून सुटणारे 2,100 क्युसेक दिवसभरात 0.18 टीएमसीच होतात. दोन्ही बातम्यांचे मथळे मात्र सारख्याच अक्षरांत छापले जातात.

धरण कधी भरेल याचा अंदाजही यातूनच निघतो, पण तिथे आवक वजा विसर्ग असा फरक धरायचा. नुसत्या आवकेवर हिशेब केला की तो हमखास चुकतो. आणखी एक घोटाळा क्युमेकचा. तो घनमीटरात मोजतात, आणि एक क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक. एकक न पाहता आकडा पुढे पाठवला तर पूर पस्तीसपट लहान किंवा मोठा होतो.

प्रश्न : उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली म्हणतात. धरणात शून्यापेक्षा कमी पाणी कसे असेल?

नसते. शून्य हे मृतसाठ्याच्या वर मोजले जाते. धरणाला तळापासून काही उंचीवर कालव्याची विमोचके, म्हणजे पाणी सोडण्याची दारे, असतात; त्यांच्या खालचे पाणी आपसूक कालव्यात येत नाही. तोच मृतसाठा; त्याच्या वरचा तो उपयुक्त साठा. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला 63.66 टीएमसी मृत, 53.57 उपयुक्त. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची. त्यामुळे ‘उणे 20 टक्के’ झाले तेव्हा मृतसाठ्यातले सुमारे 10.7 टीएमसी वापरले गेलेले असते, आणि धरणात अजून 53 टीएमसी उरलेले असते. डोळ्यांना पाणी भरपूर दिसते, पण कालवा कोरडा असतो. काठावरचे पंप आणि पाणीयोजना मात्र त्यातून उपसा करू शकतात, म्हणूनच आकडा शून्याखाली उतरतो. पाणी जसे मागे हटते तसे पाइप आणि केबल पुढे पुढे न्यावे लागतात, आणि गाळाजवळचे पाणी शुद्ध करायला अधिक कष्ट पडतात.

त्यामुळे दोन धरणांच्या टक्केवारीची तुलना करू नका. जायकवाडीचा उपयुक्त साठा 76.65 टीएमसी, मृतसाठा सुमारे 26. कोयनेची टक्केवारी मात्र बातम्यांत बहुधा 105.25 टीएमसी या एकूण क्षमतेवर सांगतात. नेहमी टीएमसी विचारा.

प्रश्न : धरण 75 टक्के भरलेले असतानाच पाणी का सोडतात? आम्हाला उन्हाळ्यात तेच पाणी मिळत नाही.

तक्रार रास्त आहे, पण रिकामी जागा हीच पुराची ढाल असते. प्रत्येक मोठ्या धरणाला पावसाळ्याच्या टप्प्यांनुसार पातळ्या ठरवून दिलेल्या असतात. ऑगस्टच्या सुरुवातीला काठोकाठ भरलेल्या धरणात जेवढे येईल तेवढे तसेच पुढे सोडावे लागते, मग खालच्या गावांना मुभा उरत नाही.

समजा, धरणात 10 टीएमसी जागा आहे, आवक एक लाख 20 हजार क्युसेक झाली आणि 40 हजार सोडले जात आहेत. दर सेकंदाला 80 हजार घनफूट साठत राहिले, तर जागा 35 तासांत संपेल. आधीचे तीन दिवस, नदी पात्रात असताना, साठ्यातून रोज 20 हजार क्युसेक जादा सोडले असते तर पाच टीएमसीहून अधिक जागा आणखी मिळाली असती, म्हणजे 18 तास जादा. रात्रीत गाव हलवायला हे तास फार मोलाचे असतात. फसते ते दोन प्रकारे : पावसाचा जोर ओळखायला उशीर झाला तर पाणी एकदम सोडावे लागते, आणि आधी सोडले पण नंतर पाऊस ओढ देऊन बसला तर धरण अपुरे राहते. माझ्या मते पहिली चूक अधिक महाग. पाण्याची टंचाई आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, कमी करून निभावता येते, घरात शिरलेले पाणी नाही.

राधानगरीचे दार मात्र कुणी ठरवून उघडत नाही. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, प्रत्येकातून 1,428 क्युसेक. पातळी ठरावीक उंचीला गेली की ते आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. सातही उघडले तर जवळपास 10 हजार क्युसेक.

प्रश्न : सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची 43. मग कोल्हापूर जास्त धोक्यात का?

हे आकडे त्या त्या मोजपट्टीच्या स्थानिक शून्यापासूनचे आहेत. त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. इशारा पातळी सांगलीत 40, कोल्हापुरात 39 फूट. पाहायचे ते तुमच्या पट्टीवर तासाला किती इंच वाढ आहे. शिवाय धरणाचा विसर्ग थांबला तरी धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊस नदीत येतच असतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. कृष्णा भरून चालली असेल तर या नद्यांना वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे सरकतो. म्हणून शिरोळच्या माणसाने कोयनेचा विसर्ग तेवढा पाहून भागत नाही. वारणा आणि राधानगरी धरणांचा विसर्ग आणि नृसिंहवाडीची पातळी, हे तिन्ही आकडे रोज टिपून ठेवावेत.