चकोराच्या मागे चढायचं तर बूट कुठला?

प्रश्न : ताई नमस्कार. मी दहिसरला राहतो, वय 61, गेल्या वर्षी रिटायर झालो. मुलगी-जावई अमेरिकेत आयडाहोमध्ये बॉइसीला असतात, दसरा झाला की आम्ही दोघं तिकडे जातोय. जावयाला तिथल्या मित्रांमुळे पक्ष्यांच्या शिकारीचा नाद लागलाय, चुकार नावाचा पक्षी आहे म्हणे, कुत्रा घेऊन दिवसभर डोंगरात फिरतात, आणि तो म्हणतो बाबा तुम्हीपण चला. बंदूक मी धरणार नाही, आमचं घर माळकरी, पण जावयाबरोबर डोंगरात चालायची मनापासून इच्छा आहे. तरुणपणी ट्रेक भरपूर केलेत, गुडघे अजून ठीक आहेत, फक्त डावा घोटा उतारावर पटकन मुरगळतो. बूट इथूनच घेऊ की तिकडे घेऊ? लेदरचेच लागतात का? आणि वॉटरप्रूफ हवेतच का?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : काका, आधी त्या पक्ष्याबद्दल सांगते, कारण तुमचा बूट तोच ठरवणारे. चुकार म्हणजे आपला चकोर, चांदणं पिऊन जगतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो तोच. आपल्याकडे तो हिमालयात, लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर दिसतो. अमेरिकेत तो मूळचा नाहीच, 1893 मध्ये पहिल्यांदा तो आपल्याच भागातून तिकडे नेला आणि पुढे पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत, आयडाहो, नेवाडा, ओरेगॉनमध्ये छान रुळला. त्याची सवय अशी की माणूस दिसला की तो चढावर पळत सुटतो आणि उडाला की सरळ खाली दरीकडे जातो. म्हणजे त्याच्या मागे जाणाऱ्याला आधी चढ, मग ट्रॅव्हर्स म्हणजे डोंगराच्या अंगावरून आडवं चालणं, मग उतार, परत चढ, आणि पायवाट बहुतेक वेळा नाहीच.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे तिकडच्या दुकानात ‘अपलँड बूट’ म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीचा बूट म्हणून जो माल असतो त्यात दोन अगदी वेगळ्या जाती येतात. साउथ डकोटाकडे फेझंट नावाच्या पक्ष्याच्या मागे मक्याच्या शेतातून, गवतातून सपाटीवर चालतात, त्यासाठी मऊ, सपाट सोलचा हलका बूट उत्तम. तो दुकानात पायात घातला की स्लिपरसारखा वाटतो आणि माणूस तिथेच फसतो, कारण चकोराच्या डोंगरावर तो पाय वाकडा करून ठेवेल. तुम्हाला माउंटन बूट हवा. मुंबईत तर शिकारीचा बूट असा मागूच नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून आपल्याकडे शिकार बंद आहे, तसा वेगळा माल कोणी ठेवत नाही. सरळ ट्रेकिंगचा हाय अँकल बूट मागा.

आणि बरं का, तिकडची जमीन तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. आयडाहोच्या पश्चिमेला स्नेक नदीच्या दऱ्यांमधला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचे थर साचून झालेला. फक्त तिथे झाडी कमी आणि सुटे दगड जास्त. आपण ज्याला घसारा म्हणतो ना, तो अख्ख्या डोंगरभर पसरलाय असं समजा.

घसाऱ्यावर पायाला काय हवं? एक म्हणजे कडक सोल. बूट हातात घ्या, एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा, आणि ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर ठेवून द्या, कारण तिरक्या उतारावर दिवसभर तुमचा घोटाच तसा पिळला जाणार. वाकायला हवा तो फक्त बोटांच्या मागे जिथे पाय वाकतो तिथे. दुसरं म्हणजे उंची, साधारण आठ इंच, घोट्याच्या चांगली वर. पण नुसत्या उंचीने घोटा वाचत नाही हो, टाच आत घट्ट बसली नाही तर आठ इंच काय नि दहा इंच काय. तिसरं, चवड्याच्या भोवती रबराची पट्टी हवी, नाहीतर धारदार दगड पुढचं चामडं महिन्याभरात खाऊन टाकतात.

लेदर की साधे, तर अशा दगडांत जाड, अख्ख्या थराचं लेदर जास्त टिकतं हे खरं, पण ते जड असतं आणि पायाला सरावायला वेळ घेतं. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंसारखं लागतं असं ट्रेकर म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही दोन-चार दिवसच जाणार, त्यामुळे मी म्हणेन लेदर आणि जाड कापड मिक्स असलेला, जोडीचं वजन दीड किलोच्या आत असलेला बूट बघा. जावयाने मात्र पूर्ण लेदरचा, सोल शिवलेला आणि नवीन सोल लावून मिळणारा घ्यावा, तो दर वर्षी जाणार.

वॉटरप्रूफचं महिन्यावर आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे बहुतेक कोरडं असतं, दुपारी चढावर पाय घामाने भिजतात आणि वॉटरप्रूफ बूट तो घाम पटकन बाहेर सोडत नाही. नोव्हेंबरात बर्फ पडू शकतो, तेव्हा तोच बूट कामाला येतो. तुम्ही दोन्ही महिने आहात तर घ्या वॉटरप्रूफ, पण सोबत लोकरीचे मोजे तीन जोड ठेवा आणि दुपारी जेवायला बसाल तेव्हा मोजे बदला. सुती मोजे अजिबात नको, ओले झाले की फोड आलाच.

आता नंबर, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो. तेच जाड मोजे घालून जा. लेस न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट आरामात जायला हवं. मग लेस बांधून दुकानाचा जिना उतरा, चढू नका, उतरा. अंगठा पुढे आपटला तर तो बूट तुमचा नाही, डोंगर उतरताना नख काळंनिळं होणार हे नक्की. आपले चपलेत वाढलेले पाय चवड्याला पसरट असतात, करंगळीला दाब बसला तर एक नंबर मोठा घेऊन भागवू नका, कारण मग टाच उचलली जाते. रुंद फिटिंग मागा, तिकडे डब्यावर डी म्हणजे नॉर्मल आणि डबल ई म्हणजे रुंद. आणि नंबरही वेगळे, इथला यूके 8 म्हणजे तिकडचा साधारण 9.

माझा सल्ला, इथे मनासारखा फिट मिळाला तर आत्ताच घ्या. तिकडे चॉइस जास्त, पण तिथे घेतला तर बूट सरावायला वेळच मिळणार नाही. आधी आठवडाभर घरात घाला, मग बिल्डिंगचा जिना, मग तुम्हाला बोरिवलीचं नॅशनल पार्क जवळच आहे, कान्हेरीच्या दगडी पायऱ्या चढा-उतरा, आणि शेवटी एक रविवार कर्नाळा. कुठेही चटका बसल्यासारखं वाटलं की लगेच थांबून तिथे टेप लावा, फोड यायची वाट बघू नका. घोट्यासाठी रोज दात घासताना एकेका पायावर उभं राहा, आधाराला बेसिन आहेच. तरी दुखत असेल तर जायच्या आधी फिजिओला दाखवा.

दोन गोष्टी अजून. बंदूक धरणार नसलात तरी नारिंगी टोपी-जाकीट घालाच आणि बंदुकीच्या पुढे कधीही जाऊ नका, जावई सांगेल तिथेच चाला. आणि बूट बॅगेत भरण्याआधी सोलच्या खाचांमधली माती जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा, अमेरिकेत उतरल्यावर शेतमातीबद्दल विचारतात.

प्रश्न : चांगले महागाचे ट्रेकिंग बूट फक्त चार वेळा वापरले, मग तीन वर्षं कपाटात होते. परवा बाहेर काढले तर सोल हातातच आला. दुकानदार म्हणतो तुम्ही नीट ठेवले नाहीत. मोच्याकडून शिवून घेऊ का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : माझंही हेच झालंय, आणि ते घरात नाही, भीमाशंकरच्या शिडी घाटात. बूट माळ्यावर डब्यात चार वर्षं पडून होते, वरून अगदी नवेकोरे. दुसऱ्या शिडीच्या खाली उजवा सोल फडफडायला लागला, बघते तर आतला थर शिळ्या केकसारखा भुगा होऊन सांडतोय. सॅकमधली सुतळी गुंडाळून मी खाली आले, दर वीस मिनिटांनी सुतळी तुटायची. मैत्रीण पुढे चालत होती आणि मी मागून प्रत्येक पाऊल हाताने धरून ठेवल्यासारखी टाकत होते, फार भीती वाटली त्या दिवशी.

यात तुमची चूक अशी नाही. सोल आणि वरच्या भागाच्या मध्ये जो मऊ थर असतो तो बरेचदा पॉलीयुरेथेनचा असतो, हवेतला दमटपणा त्याला हळूहळू तोडतो, आणि मुंबईच्या हवेत तर हे लवकर होतं. गंमत अशी की वापरात असलेला बूट जास्त टिकतो, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला आधी जातो. म्हणून डब्यात, पिशवीत नको, उघड्या हवेशीर जागी ठेवा, आत वर्तमानपत्राचा बोळा घाला, ओले असतील तर पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा हीटरपाशी नको. महिन्यातून एकदा तरी घालून बाजारात जाऊन या.

शिवून मात्र घेऊ नका. भुग्यात टाका धरणार कसा? आणि वॉटरप्रूफ असेल तर सुईच्या भोकांतून पाणी आत येणार ते वेगळंच. वरचं चामडं धड असेल तर मधला थर आणि सोल दोन्ही नवे बसवून देणारा कारागीर शोधा, ठक्करबाप्पा कॉलनीत किंवा धारावीत चौकशी करा, खर्च नव्या बुटाच्या निम्म्यावर जात असेल तर सोडून द्या. आणि दुसरा बूटही आत्ताच अंगठ्याने दाबून बघा, थर दबून परत वर आला नाही तर तोही गेलाय, तो घालून कुठल्याही घाटात जाऊ नका.