'आय हॅव सेंट यू द फाइल यस्टरडे' यात चूक काय?

तुमच्या मेलमधलं हे वाक्य सीनियरने चूक ठरवलं ते बरोबरच आहे, फक्त त्याने कारण सांगितलं नाही म्हणून तुमचं डोकं फिरलंय. तुमचं म्हणणं असं की मराठीत आपण 'काल फाइल पाठवली आहे' बिनधास्त म्हणतो, मग तेच क्लायंटच्या मेलमध्ये इंग्रजीत लिहिलं तर चूक कसं. अहो, आपला 'आहे' फार मोकळाढाकळा आहे, काल, परवा, गेल्या दिवाळीत, कशाच्याही मागे जाऊन बसतो. इंग्रजीतल्या हॅवला ते चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो असं संपलेल्या वेळेचं काही वाक्यात आलं की हॅव काढून टाकायचा, आय सेंट यू द फाइल यस्टरडे. वेळ सांगायची नसेल, फाइल पोचवली एवढंच कळवायचं असेल तर आय हॅव सेंट यू द फाइल एकदम बरोबर. टुडे, धिस वीक यांच्यासोबत हॅव चालतो कारण दिवस किंवा आठवडा अजून संपलेला नसतो. धिस मॉर्निंगची तर गंमतच आहे, सकाळी अकराला लिहिताय तर आय हॅव सेंट इट धिस मॉर्निंग चालेल, दुपारी चारला लिहिताय तर सकाळ संपली, आता आय सेंट. आणि क्लायंट अमेरिकन असेल तर तो स्वतःच आय ऑलरेडी सेंट इट लिहील, ब्रिटिश माणूस तिथे सहसा हॅव घालतो, त्यावरून गोंधळू नका.

आपल्याकडच्या बऱ्याच चुका अशाच असतात, इंग्रजी कच्चं म्हणून नाही तर आत मराठी वाक्य चालू असतं म्हणून. 'पासून' घ्या. सोमवारपासून आणि पाच वर्षांपासून, दोन्हीकडे आपला पासून एकच, म्हणून आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स असं लिहिलं जातं. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली तिथे सिन्स (सिन्स मंडे, सिन्स २०२१) आणि किती काळ ते सांगायचं तर फॉर, आणि 'करतोय' वरून अ‍ॅम वर्किंग सुचतं तिथे हॅव बीन वर्किंग लागतं. म्हणजे यस्टरडेजवळून जो हॅव काढला तो इथे घालायचा. कारण काम अजून चालूच आहे ना.

डिड यू वेंट पण तसंच, 'गेलास का' मध्ये 'का' आला तरी गेलास बदलत नाही, इंग्रजीत मात्र डिड आला की भूतकाळ त्याने उचलला, मागे नुसतं गो. डिस्कस अबाउटमधला अबाउट म्हणजे आपलाच 'बद्दल', तो नको.

अ‍ॅडव्हायसेस, इन्फर्मेशन्स हे पण बघा. 'माहित्या' कोणी म्हणत नाही, तरी इन्फर्मेशन्स कुठून येतं देव जाणे. सल्ले मात्र आपण म्हणतो, म्हणून अ‍ॅडव्हायसेस येतं. दोन्ही एकवचनीच ठेवा.

प्रीपोनला (मीटिंग वगैरे ठरल्यापेक्षा आधी घेणं) लोक उगाच हसतात, तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे आणि भारतात सगळ्यांना कळतो, खुशाल वापरा, परदेशी माणसाला मात्र मूव्ह इट अप किंवा ब्रिंग इट फॉरवर्ड लिहा. रिव्हर्टचं खरंच जपा, उत्तर द्या या अर्थाने बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याला प्लीज रिव्हर्ट लिहिलंत तर त्याला वाटेल जुनं व्हर्जन परत टाकायचंय. प्लीज रिप्लाय लिहा ना सरळ.

नियम पाठ करायच्या भानगडीत पडू नका. अडलं की केम्ब्रिज किंवा ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी उघडा, ऑनलाइन फुकट आहे, आणि अर्थ सोडून खालची उदाहरणं वाचा, शब्दामागे टू येतो की विथ येतो की काहीच येत नाही ते तिथे दिसतं. मॅरीड काढून बघा, टू दिसेल, आपण 'तिच्याशी' वरून विथ लावतो. नुसतं गूगल करून किती रिझल्ट आले ते मोजू नका, सिन्स फाइव्ह इयर्सचे पण ढीगभर येतील, आपल्यासारख्यांनीच लिहिलेले.