ब्रेक लावायचा, मारायचा की लागू करायचा?

अनुवादाचं काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. स्कूटरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी तपासताना त्यांना ‘दोन्ही ब्रेक एकाच वेळी लागू करा’ असं वाक्य दिसलं आणि ते खटकलं. ‘ब्रेक मारा’ केलं तर हिंदी वाटतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ब्रेकला मराठी शब्दच का वापरू नये, ‘खीळ’ किंवा ‘गतिरोधक’ का चालणार नाही, हेही त्यांनी विचारलं आहे.

‘लागू करा’चा निकाल आधी लावून टाकू. लागू होतं ते कलम, आचारसंहिता, वेतन आयोग. ब्रेक लागू करायचा तर आधी मंत्रिमंडळाची मंजुरी घ्यावी लागेल, आणि तोवर स्कूटर समोरच्या टेम्पोत शिरलेली असेल. ब्रेक लावतात.

हे ‘लावणे’ मला फार आवडतं, कारण ते यंत्राच्या आत जे घडतं तेच सांगतं. हात लावणे, मलम लावणे, भिंतीला शिडी लावणे: एक वस्तू दुसरीला टेकवायची. स्कूटरचं मागचं चाक उघडलं की आत दिसतो ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा. त्यात चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे घासण्यासाठीचा थर, बसवलेला असतो. आपण ब्रेक दाबला की मधला कॅम, म्हणजे लांबट आकाराचा खुंट, फिरतो, दोन्ही शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून लागतो. बस, एवढंच. ब्रेक ‘लागला’.

आता गॅरेजवाल्याची भाषा ऐका. तो ‘ब्रेक धरतोय का?’, ‘पकडत नाहीये’ असं म्हणतो. यातही तथ्य आहे. दोन शूंपैकी एकाची ठेवण अशी असते की फिरणारा ड्रम त्याला स्वतःकडे आणखी ओढून घेतो. आपण लावला थोडा, धरला त्याने जास्त. दुसऱ्या शूला तोच ड्रम मागे ढकलत असतो, म्हणून त्याचं काम कमी. डिस्क ब्रेकला, म्हणजे चकती दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकला, ही फुकटची मदत मिळत नाही. तिथं जेवढं दाबाल तेवढंच मिळतं, म्हणून दाब वाढवायला ब्रेक ऑइल आणि पिस्टनची जोडणी लागते. (ते ऑइल तेल नसतंच, पण दुकानात जाऊन ‘ब्रेक द्रव द्या’ म्हणून बघा.)

मागच्या पावसाळ्यात माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक धरेनासा झाला. मेकॅनिकने चाक काढून शू माझ्या हातात दिला. लायनर झिजलेला नव्हता, पण तापून तापून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. त्याने पॉलिश पेपरने दोन मिनिटं घासला, ओल्या फडक्याने ड्रम पुसला आणि म्हणाला, ‘आता बघा, कसा पकडतो ते.’ तापून कडक, चकचकीत झालेला थर निघाला की लायनर पुन्हा धरतो.

‘शू’ हा शब्दही गंमतीचा आहे. ब्रेक नसलेली सायकल ज्याने चालवली आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. उतारावर मागे बसलेला मित्र ओरडायचा, ‘चप्पल लाव, चप्पल लाव!’ मग पुढच्या टायरवर चपलेचा तळ दाबायचा. रबर जळल्याचा वास यायचा आणि घरी गेल्यावर बोलणी बसायची. जर्मनीत ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. वाटेत उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. मोटारीचा पहिला लायनर म्हणतात तो हाच. तेव्हा शूला तळ चांभारानेच लावला, हे मला तरी अगदी रीतसर वाटतं.

आता ‘खीळ’. शब्द सुंदर आहे, पण काम वेगळं. खीळ म्हणजे मेख, खुंटी. ती घासत नाही, अडकते. दातखीळ बसते तेव्हा जबडा हळूहळू मंद होत नाही, एकदम मिटून बसतो. वर्तमानपत्रं ‘विकासाला खीळ बसली’ आणि ‘विकासाला ब्रेक लागला’ हे एकाच अर्थाने छापतात, पण मला त्यांत फरक दिसतो: ब्रेक सोडता येतो, खीळ उपटावी लागते. एकाच मोटारीत दोन्ही पाहायच्या असतील तर ऑटोमॅटिक गाडीत बसा. गिअर ‘पी’वर टाकला की एका दातेरी चाकाच्या खाचेत लोखंडी जीभ अडकते. ती खीळ. हँडब्रेक ओढता तो ब्रेक. म्हणूनच चढावर थांबताना आधी हँडब्रेक ओढावा, मग ‘पी’. नाहीतर गाडीचा सगळा भार त्या एवढ्याशा जिभेवर येतो.

खीळ घासत नाही, म्हणून तापतही नाही. ब्रेकचा मात्र सगळा संसारच तापण्याचा. हजार किलोची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली असेल तर तिच्यात सुमारे २०० किलोज्यूल ऊर्जा असते. थांबायचं तर ती कुठेतरी जायला हवी, आणि ती बव्हंशी उष्णता होऊन ड्रममध्ये नि डिस्कमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेवर एक लिटर पाणी ३० अंशांवरून ७८च्या आसपास पोहोचेल, चहाच्या आधणाच्या जवळपास. वेग दुप्पट झाला की हे चौपट. आणि तीच मोटार घाटात ५०० मीटर उतरली, तर असे जवळपास २५ ब्रेक मारण्याइतकी उष्णता तयार होते. म्हणून घाटातले जुने चालक सांगतात: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. काही भार इंजिन पेलतं. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ‘ब्रेक तापतात’, मग पाय खाली जातो आणि ‘ब्रेक लागेना’ होतं.

मराठीत आवर घालण्याचे शब्द कमी नाहीत, पण बहुतेक जनावरांवरून आले आहेत. लगाम घोड्याचा, वेसण बैलाची, पायबंद पुन्हा घोड्याचा, लोढणं ओढाळ गुराच्या गळ्यातलं. साहजिकच आहे. चाक आपल्याकडे पूर्वीपासून होतं, पण ते थांबवायचं म्हणजे बैल थांबवायचा, कासरा खेचायचा. चाकालाच थेट आवरण्याची गरज पुढे पडली आणि तेव्हा वस्तूबरोबर शब्दही आयता आला.

त्यातल्या त्यात जवळचा शब्द मला ‘चाप’ वाटतो. केसांचा चाप दोन्ही बाजूंनी दाबून धरतो, आणि डिस्क ब्रेकचा कॅलिपर फिरत्या चकतीला अगदी तसाच दोन पॅडमध्ये धरतो. ‘उधळपट्टीला चाप लावला’ यातलं चित्र यंत्राशी तंतोतंत जुळतं. तरी पुस्तिकेत ‘चाप लावा’ लिहू नका, वाचणारा हेल्मेटखाली केस बांधायला घेईल.

‘गतिरोधक’ तर नकोच. महाराष्ट्रात गतिरोधक म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा, हे पक्कं झालं आहे. ‘दोन्ही गतिरोधक लावा’ म्हटलं तर आणायचे कुठून? नुसत्या ‘रोधक’मध्ये दुसरी अडचण आहे. जलरोधक, उष्णतारोधक या शब्दांनी रोधकाला ‘आत येऊ न देणारा’ असा अर्थ चिकटला आहे.

ताईंनी विचारलं नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. देवनागरीत इंग्रजीतले दोन वेगळे शब्द एकच होऊन बसले आहेत: थांबवणारा ब्रेक आणि मध्यंतराचा ब्रेक. लिहिताना फरक नाही, उच्चारात नाही, फरक फक्त क्रियापदात. ‘कामातून ब्रेक घेतला’ म्हणजे सुट्टी, ‘कामाला ब्रेक लावला’ म्हणजे काम अडवलं. क्रियापद गाळलं की घोळ. ‘पावसाला ब्रेक’ या मथळ्यात कुठला ब्रेक आहे? हवामानशास्त्रात पावसाचा खंड असतो, तो मध्यंतरवाला. बातमीदाराच्या मनात बहुधा पायाखालचा असतो. ‘पावसाने ओढ दिली’ किंवा ‘उघडीप दिली’ म्हटलं की प्रश्नच मिटला.

आणि ‘लागणे’. लावतो माणूस, लागतो आपोआप. हा भेद रेल्वेत खरा होतो. डब्यात साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतली हवा निसटते आणि डब्यांचे ब्रेक लागतात. नळी तुटली, डबे सुटले, तरीही लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकी संशोधकाने १८७२च्या सुमारास ही युक्ती काढली: हवेच्या दाबाने ब्रेक सोडलेला राहील, दाब गेला की लागेल. मोठ्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्येही स्प्रिंग हेच करते. पहाटे ट्रक चालू करून चालक नुसता बसलेला दिसतो तो हवा भरायची वाट बघत. तिथं ‘ब्रेक लागला’ या वाक्याला कर्ता शोधू नका.

राहिलं ‘मारणे’. ते हिंदीतही आहे म्हणून परकं ठरत नाही. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, किक मारतो. फक्त त्यात झटका आहे: कचकन मारलेला ब्रेक आणि बेताने लावलेला ब्रेक या दोन कृती आहेत. पुस्तिकेत दोन्हींची जागा आहे. सूचनेत ‘दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावा’, आणि इशाऱ्यात ‘ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक मारू नका’.