पाना हातात घेण्याआधी गच्चीवर जा

प्रश्न : आमच्या संडासातल्या फ्लश टँकच्या खालचा भिंतीतला छोटा कॉक कितीही आवळला तरी पाणी पूर्ण थांबत नाही. प्लंबर तीन वेळा ‘उद्या येतो’ म्हणाला. मी कधी पाना धरलेला नाही. हा कॉक मला बदलता येईल का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : बहुतेक येईल. कॉक बदलणं सोपं आहे, धोका त्याच्यामागच्या भिंतीत असतो. म्हणून आधी कॉकमागची गोल वाटी पुढे सरकवा आणि आत टॉर्च मारा. तपकिरी गंज दिसला, म्हणजे पाइप जुना लोखंडी असला, तर हात लावू नका, प्लंबरचीच वाट बघा. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप आणि पितळी आटे दिसले तर पुढे वाचा.

हे मी अनुभवाने सांगतोय. कारखान्यात ३१ वर्षं फिटर होतो, त्यामुळे घरच्या कॉकला काय घाबरायचं! १९९७ साली दिवाळीच्या आदल्या दिवशी गंजलेल्या कॉकला पाइप पान्याने हिसडा दिला. कॉक हातात आला, त्याचे अर्धे आटे भिंतीत राहिले. ते कोरून काढेपर्यंत अख्खी लाइन बंद. नरक चतुर्दशीला तीन घरांनी उटणं लावलं आणि खालच्या हौदातून बादल्या वाहिल्या. तळमजल्यावरच्या वहिनी अजून दर दिवाळीला विचारतात, ‘यंदा काही दुरुस्ती नाही ना भाऊजी?’

दुकानात ‘अर्धा इंची अँगल कॉक’ मागा. जुना कॉक दाखवायला नेता येणार नाही, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून न्या. पितळी, पाव फेऱ्यात बंद होणारा घ्या. प्लास्टिकचा स्वस्त पडतो, पण नवख्या हाताने त्याचे आटे चटकन जातात. आट्यांवर गुंडाळायच्या टेफ्लॉन टेपची दोन रिळं, कॉकपासून टँकपर्यंत जाणारा नवा कनेक्शन पाइप आणि अर्धा इंची प्लगही आणा. काम अर्धवट राहिलं तर भिंतीतलं तोंड त्या प्लगने बंद करता येतं.

आता गच्ची. टाकीतून निघणाऱ्या पाइपांवर तीन-चार कॉक असतील. एकेक बंद करून बघा; ज्याने तुमचा फ्लश भरायचा थांबला, तो तुमचा. बहुधा त्याच पाइपवर खालची घरंही असतात. त्यांना सांगा आणि कॉकला चिठ्ठी बांधा. नाहीतर कोणीतरी ‘पाणी का गेलं’ म्हणत तो उघडेल, आणि तुम्ही उघड्या भिंतीसमोर बसलेल्या असाल.

फ्लश ओढा, खालचा नळ उघडून पाइप रिकामा करा, बादली ठेवा. कनेक्शन पाइप सोडवा. जुन्या कॉकला फडकं गुंडाळून, हिसका न देता, डावीकडे सावकाश फिरवा. जोर केला तर भिंतीतला एल्बोच, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, पिळवटतो. आतले आटे जुन्या टूथब्रशने घासून काढा, क्षार साचलेले असतात.

टेप गुंडाळण्यातच बहुतेक लोक चुकतात. नव्या कॉकचे आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, टेप ताणून, बारा-पंधरा वेढे द्या. उलट गुंडाळलीत तर कॉक बसवताना टेप सुटून गोळा होते. वाटी आधी चढवा, नंतर आठवून उपयोग नाही. पहिले दोन-तीन फेरे हातानेच, मग पाना. कॉकचं तोंड वर यायला हवं. ते थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका, पकड सुटते. कॉक काढा, नवी टेप लावा. कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागत नाही. हाताने आवळून पान्याने किंचित फिरवलं की पुरे.

गच्चीवरचा कॉक हळूहळू उघडा आणि रात्रभर खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी नटाखाली डाग दिसला तर वॉशर तिरका बसलाय, दोन मिनिटांचं काम. भिंतीलगत दिसला तर टेप कमी पडली. त्यासाठी पुन्हा गच्ची.