दुखत नाही, मग कॅप कशाला?

प्रश्न : वय ५६. चिक्की खाताना खालची डावी दाढ अर्धी तुटली. गणपतीच्या आधी तिचं रूट कॅनाल झालं, आता काही दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, कॅप बसवा. घरचे म्हणतात, दुखत नाही तर छेडू नका, दिवाळीनंतर बघू. कॅपसाठी दाढ सगळीकडून घासावी लागते म्हणे, ते ऐकूनच पोटात गोळा येतो. तीन प्रकारच्या कॅप सांगितल्यात, तिघींच्या किमतींत खूप फरक आहे. एक बावळट प्रश्नही विचारते. सासूबाईंची कवळी रात्री वाटीत असायची. कॅपही तशी काढून ठेवायची का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो माझ्याकडे बरेच जण दाराशी जाता जाता हळूच विचारतात. नाही, कॅप काढायची नसते. ती दाढेला टोपीसारखी झाकते आणि दातांच्या खास सिमेंटने कायमची चिकटवतात. त्याच दाढेने जेवायचं, तिच्यासकट झोपायचं.

आता ‘दुखत नाही’ याबद्दल. रूट कॅनालमध्ये दाढेची नस काढून टाकलेली असते, त्यामुळे ती आतून कळ देणार कशी? पण तिची ताकद काही परत आलेली नाही. आधी चिक्कीने अर्धी गेली, मग नसेपर्यंत पोचायला वरून भोक पाडलं. उरलेल्या भिंती पातळ आहेत आणि चावण्याचा सगळा जोर मागच्या दाढांवरच येतो. भिंत हिरडीच्या वर तुटली तर बहुतेक वेळा सावरता येतं. चीर मुळात उतरली, तर दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही, मग रूट कॅनालचे पैसेही गेले. पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं असेल आणि दात बराचसा शाबूत असेल, तर कधी कधी कॅपशिवाय भागतं. तुमच्या दाढेचं भागणार नाही. दिवाळीनंतरही नको. चकल्या, कडबोळी आणि अर्धी दाढ हे एकत्र नांदत नाहीत. लॅबवाले दिवाळीत सुट्टीवर असतात, म्हणून आताच जा.

घासण्याची भीती वाटते ते समजू शकते. कॅपला जागा हवी म्हणून दाढ वरून आणि चहूबाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर कमी करतात. धातूच्या कॅपला कमी पुरतं, सिरॅमिकला जास्त लागतं. नस नसल्यामुळे दाढेला कळत नाही, हिरडीला मात्र कळतं, म्हणून थोडी भूल देतात. त्रास होतो तो मशीनच्या आवाजाचा, पाण्याच्या फवाऱ्याचा आणि आ करून बसण्याचा. जबडा अवघडला की डावा हात वर करायचा असं आधीच ठरवून घ्या. हिरडी जराशी बाजूला सारायला तिच्या कडेने बारीक दोरा सरकवतात, तो पाहून घाबरू नका. मग माप. काही ठिकाणी तोंडात कॅमेरा फिरवून घेतात, नाहीतर ट्रेमध्ये लगदा भरून दातांवर दाबून धरतात. उमासा आला तर मान पुढे झुकवा आणि नाकाने श्वास घ्या.

लॅबमधून कॅप यायला साधारण आठवडाभर जातो. तोवर तात्पुरती प्लास्टिकची कॅप असते. भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला जातो आणि ते नंतर लक्षात येतं. तात्पुरती कॅप निघाली तर ‘दोन दिवसांचाच प्रश्न आहे’ म्हणून बसू नका. शेजारचे दात जागा सोडतात, मग तयार कॅप बसत नाही.

किमतींचं म्हणाल, तर दाढ मागची असेल आणि हसताना दिसत नसेल तर धातूची कॅप हलकी समजू नका. ती स्वस्त आहे, मजबूत आहे आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. निकेलची ॲलर्जी असेल, नकली कानातल्यांनी कान चिघळत असतील, तर तसं आधी सांगा. आतून धातू आणि वरून सिरॅमिक अशी मधली कॅप चांगली चालते, पण कधी तिचा टवका उडतो आणि पुढे हिरडीपाशी काळपट रेघ दिसू लागते. तिसरी झिर्कोनियाची, म्हणजे एका मजबूत सिरॅमिकची. ती दाताच्या रंगाची, भक्कम आणि महाग. तिच्यासोबत वॉरंटीचं कार्ड मिळतं. ते कॅपचं असतं, तुमच्या दाढेचं नव्हे. कॅपच्या कडेखाली कीड लागली तर ते कार्ड दाखवून उपयोग नाही. म्हणून डॉक्टरांना एवढं विचारा, की हिरडीच्या वर चहूबाजूंनी माझी स्वतःची दाढ किती उरली आहे? दोन मिलिमीटर असली तर कॅपला चांगली पकड मिळते. कोणती कॅप घ्यायची हे त्यानंतर ठरवा.

कॅप चिकटवण्याआधी डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागद ठेवून ‘चावा’ म्हणतील. या वेळी आपली माणसं फार सभ्य होतात. डॉक्टर थकलेत, मागे लोक थांबलेत, म्हणून ‘ठीक आहे’ म्हणून उठतात. तसं करू नका. उजवीकडे, डावीकडे जबडा सरकवून बघा. तीच दाढ आधी टेकत असेल तर सांगा, पुन्हा टेकली तर पुन्हा सांगा. उंच राहिलेली कॅप जबडा दुखवते आणि मग दोष झिर्कोनियाला जातो. बसवल्यावर एक-दोन दिवस हिरडी हुळहुळते, ते चालेल. आठवड्यानंतरही चावताना दुखत असेल तर परत जा.

प्रश्न : माझी जुनी कॅप जेवताना निघून हातात आली. फेविक्विकने चिकटवली तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. ते तोंडात वापरायचं नसतं, हिरडी भाजते. शिवाय कॅप वाकडी चिकटली तर आम्हाला ती कापूनच काढावी लागते. कॅप धुऊन छोट्या डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळू नका, कचऱ्यात जाते. दोन-तीन दिवसांत दाखवा. आत कीड नसेल तर बहुधा तीच कॅप पुन्हा बसते. तोवर त्या बाजूने चावू नका, पण ब्रश नेहमीसारखा करा. कुणी कॅप गिळलीच, तर बहुतेक वेळा ती शौचावाटे निघून जाते. गिळताना ठसका लागून खोकला थांबत नसेल किंवा दम लागत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे नको, थेट हॉस्पिटल गाठा.