बायबलमध्ये विजयगीत लढाई जिंकल्यावरच गातात का?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. आणि जिथे क्रम उलटा आहे, तो प्रसंग मला सगळ्यांत जास्त भावतो.

आधी नेहमीचा क्रम. निर्गम या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात, मिसरचा राजा फारो याच्या गुलामीतून सुटून समुद्र ओलांडून झाल्यावर आणि पाठलाग करणारं त्याचं सैन्य बुडाल्यावर, पुढारी मोशे आणि इस्राएल लोक गातात. मग मोशेची बहीण मिर्याम हातात डफ घेते आणि बाकीच्या बायका डफ वाजवत, नाचत तिच्यामागे निघतात. कालपर्यंत गुलामीत राबणारे ते हात! शास्ते या पुस्तकाच्या 5व्या अध्यायातलं दबोरा आणि बाराक या पुढाऱ्यांचं गीतही लढाईनंतरचंच.

आता 2 इतिहास 20 वाचा. शेजारचे मवाबी आणि अम्मोनी लोक यहूदाच्या राज्यावर चालून येतात. तिथला यहोशाफाट राजा घाबरतो, उपास जाहीर करतो, लोक बायकामुलांसह मंदिरात येऊन उभे राहतात. दुसऱ्या दिवशी तो सैन्याच्या पुढे गायक चालवतो. हत्यारबंद माणसं मागे, गाणारे पुढे! ओळ एकच: परमेश्वराची स्तुती करा, त्याची दया सनातन आहे. गाणं सुरू होतं तेव्हा शत्रू अजून समोर आहे. मग शत्रू आपसांतच लढून संपतात, आणि लूट गोळा करायला यहूदाला तीन दिवस लागतात.

हेच पालुपद स्तोत्र 136मध्ये 26 वेळा येतं, प्रत्येक वचनाच्या शेवटी. पुढाऱ्याने अर्धी ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी पालुपद उचलायचं, अशी त्याची घडण आहे. त्यामुळे मनात वाचू नका, दोघातिघांनी मिळून मोठ्याने म्हणून बघा. पंधराव्या वचनात फारो आणि तो समुद्र पुन्हा भेटतो.