टॉवर नसेल तर विचारायचं कोणाला? परदेशात विमान उडवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (धरमपेठ): माझ्याकडे डीजीसीएचं (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स आहे. मुलगी डेन्व्हरला असते, दिवाळीनंतर तिच्याकडे जातोय. तिथे छोटं सेसना विमान भाड्याने घेऊन उडवता येईल का?

उत्तर: येईल, पण तिथे पोचून धावपळ सुरू केलीत तर सुट्टी त्यातच संपेल. तिथल्या ‘एन’ (म्हणजे अमेरिकी) नोंदणीच्या विमानासाठी एफएएचं, तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षा नव्याने द्यावी लागत नाही. भारतीय लायसन्सच्या आधारावर ते मिळतं. आधी एफएएकडे पडताळणीचा अर्ज करायचा, मग ते डीजीसीएकडून खातरजमा करून घेतात. यात ४५ ते ९० दिवस जातात, म्हणून अर्ज पोळ्याच्याही आधी टाका. पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत समक्ष जाऊन प्रमाणपत्र घ्यायचं. त्यानंतर फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची उजळणी. विमान भाड्याने देणारा स्वतःचा चेकआउट (चाचणी उड्डाण) घेईल तो वेगळाच. मूळ भारतीय लायसन्स कायम जवळ बाळगा, कारण त्याच्याशिवाय अमेरिकी कागदाला किंमत नाही. विमा मात्र नीट वाचा. विमान भाड्याने देणाऱ्या क्लबची पॉलिसी बहुधा क्लबला वाचवते, भाड्याने घेणाऱ्याला नाही.

प्रश्न (प्रतापनगर): मी सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर शिकलो, सगळं नियंत्रण टॉवरला विचारून. अमेरिकेत टॉवर नसलेल्या ठिकाणी उतरायची परवानगी कोण देतं?

उत्तर: कोणीच देत नाही, आणि आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं ते हेच. तिथे सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत, टॉवर असलेले पाचशेच्या आसपास. बाकी ठिकाणी एक सामायिक फ्रीक्वेन्सी असते. तिच्यावर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते सांगायचं, परवानगी मागायची नाही. शेजारच्या गावांचीही तीच फ्रीक्वेन्सी असू शकते, म्हणून गावाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा घ्यायचं. वेगळं नमूद नसेल तर वळणं डावीकडून आणि सर्किटची (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीची) उंची साधारण जमिनीपासून हजार फूट. डाउनविंडमध्ये, म्हणजे फेरीच्या धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यात, ४५ अंशांतून शिरायचं. रेडिओ शांत आहे म्हणजे आकाश रिकामं आहे असं समजू नका. अशा ठिकाणी रेडिओ नसलेलं विमानही कायदेशीर असतं. त्यामुळे मान फिरती ठेवा.

दुसरी सवय फ्लाइट प्लॅनची. इथे एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) नंबर घेतल्याशिवाय आपण हलत नाही. तिथे देशांतर्गत व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघत उडवण्याला) प्लॅन बहुधा ऐच्छिक असतो. तरी मी भरायलाच सांगेन. फक्त उतरल्यावर तसं कळवून तो स्वतः बंद करावा लागतो, टॉवर असला तरी ते काम दुसरं कोणी आपोआप करत नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की तुमचा शोध सुरू होतो, आणि तुम्ही हॉटेलात जेवत असता.

प्रश्न (सदर): मे महिन्यातल्या नागपुरात उडवलंय. कोलोरॅडोच्या डोंगरात आणखी काय वेगळं असणार?

उत्तर: गणित करा. सोनेगावची उंची १,०३३ फूट. ४५ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा जितक्या उंचीवरच्यासारखी विरळ होते ती उंची, जाते ४,९०० फुटांच्या आसपास. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे. तिथे २० अंशांच्या सुखद सकाळीही ती १२,९०० होते. सेसना १७२ ची उंचीची कमाल मर्यादा १४,००० फुटांच्या आसपास, म्हणजे हातात उरतं किती? मिक्श्चर लीन करणं (विरळ हवेच्या मानाने इंधन कमी करणं) टेकऑफच्या आधीच, निघायचं पहाटे, आणि पहिल्या खेपेला शेजारी तिथला इन्स्ट्रक्टर हवाच.

प्रश्न (मनीषनगर): अल्टिमीटरला (उंची दाखवणाऱ्या उपकरणाला) लावायचा हवेचा दाब इंचांत की हेक्टोपास्कलमध्ये, याचा घोळ होतो का?

उत्तर: जाताना कमी, परत आल्यावर जास्त. अमेरिकेत २९.९२ म्हणजे आपले १०१३. महिनाभर ‘टू नाइनर...’ ऐकून कान तयार होतात. मग पावसाळ्यात नागपूरला क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा हा दाब, ९९८ मिळाला आणि विमानात इंचांचीच खिडकी असली की हात आपसूक २९.९८ लावतो. ते होतात १०१५. सतरा हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे विमान दिसतंय त्यापेक्षा सुमारे पाचशे फूट खाली. तेव्हा वाचून दाखवताना आकड्यासोबत ‘हेक्टोपास्कल’ म्हणा, आणि रूपांतराचा तक्ता मांडीवरच्या पॅडला लावून ठेवा.